बिलावरचा भाव आणि ताटातला भाव

घाऊक किराण्याच्या दुकानात तेलाचे दोन डबे शेजारीशेजारी रचलेले असतात. पत्रा तसाच, उंचीही डोळ्यांना सारखीच वाटते. एकावर १५ किलो छापलेलं असतं, दुसऱ्यावर १५ लिटर. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात तेल निघतं सुमारे १३ किलो ६५० ग्रॅम. समजा, लिटरवाला डबा २,०५० रुपयांना आहे आणि किलोवाला २,२०० रुपयांना. हॉटेलवाला दीडशे रुपये वाचले म्हणून पहिला उचलतो. किलोला भागून पाहिलं, तर त्याचा डबा १५० रुपये किलोने पडला आणि महागडा वाटलेला १४७ रुपयांच्या आत. महिन्याला ३०० किलो तेल लागत असेल, तर हजार रुपये केवळ डबा न वाचल्यामुळे गेले. डब्यावर लिटरसोबत वजनही छापलेलं असतं. पिशव्यांचं तर आणखीच पाहावं लागतं, कारण एक लिटरची समजून घेतलेली पिशवी हल्ली ८०० किंवा ८५० ग्रॅमचीही असते.

उपाहारगृह, खाणावळ, मिसळीचं हॉटेल, पोळी-भाजी केंद्र अशा लहान धंद्यात कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाच्या आसपास ठेवायचा असा ठोकताळा आहे. तो चाळीस टक्क्यांकडे सरकला की भाडं, पगार आणि गॅस भागवून मालकाच्या हातात काही उरत नाही. मग तो पुरवठादाराशी घासाघीस करतो, स्वस्त दुकान शोधतो. त्यात गैर काही नाही. पण बाजारभाव लहान हॉटेलवाल्याच्या हातात फारच थोडा असतो. भारत आपल्या गरजेपैकी निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. पाम तेल इंडोनेशिया-मलेशियातून येतं, तर सूर्यफुलाचं मुख्यतः रशिया आणि युक्रेनमधून. एप्रिल २०२२च्या अखेरीस इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात तीन-साडेतीन आठवडे बंद केली, त्यावर नाक्यावरचा वाणी काय करणार? त्याच्या हातात नव्हतं आणि वडे तळणाऱ्याच्या तर मुळीच नव्हतं. वडेवाल्याच्या हातात असतं ते पुढचं: किती वजन मिळालं, त्यातलं किती वापरता आलं, किती फेकलं आणि पैसे कधी दिले. खर्च कमी होतो तो बहुतेक इथेच.

पहिली गोष्ट वजनकाटा. कित्येक छोट्या हॉटेलांत गल्ल्यावर कॅलेंडर असतं, देवाचा फोटो असतो, पण माल उतरतो तिथे काटा नसतो. बटाट्याची गोणी ५० किलोची म्हणून घेतली जाते. त्यात बारदानाचं वजन असतं, तळाशी माती आणि दोन-चार सडके बटाटे असतात. पावसाळ्यात कोथिंबिरीच्या जुडीत पाणी असतं आणि दुसऱ्या दिवशी तीच जुडी काळी पडते. टोमॅटोच्या क्रेटचंही तसंच, वरचा थर चांगला आणि खालचा पिचलेला. पुरवठादार प्रत्येक वेळी फसवतोच असं नाही, पण जिथे कुणी मोजत नाही तिथे कमी वजनाचा आणि दुय्यम प्रतीचा माल आपोआप येऊ लागतो. आठवडाभर प्रत्येक गोणी काट्यावर चढली आणि आकडा वहीत गेला की न भांडता माल सुधारतो, कारण आणणाऱ्या पोऱ्याला कळतं की इथे वजन होतं. आपला काटाही दरवर्षी वैधमापन विभागाकडून तपासून घ्यावा, म्हणजे वाद झाला तर बोलायला जागा राहते.

सिलिंडरबद्दल हेच. व्यावसायिक निळ्या सिलिंडरमध्ये १९ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचं वजन त्या टाकीवरच कोरलेलं असतं. दोन्हींची बेरीज काट्यावर यायला हवी. आलेलं सिलिंडर काही जण तपासतात, परत जाणारं मात्र कुणी तपासत नाही, आणि खरी गळती तिथेच होते. मोठ्या भट्टीला एकाच टाकीतून जोरात गॅस ओढला की टाकी गार पडते. बाहेरून दव धरतं, कधी बर्फाचा थर दिसतो, आतला दाब उतरतो आणि ज्योत मंदावते. गॅस संपला असं समजून आचारी टाकी बदलतो, पण तळाशी एक-दोन किलो गॅस शिल्लक असतो आणि तो रिकाम्या टाकीबरोबर एजन्सीकडे परत जातो. काही ठिकाणी टाकी आडवी करतात किंवा तिला गरम पाण्यात ठेवतात. हे जिवावर बेतणारं आहे, कधीही करू नये. एजन्सीकडून रीतसर मॅनिफोल्ड बसवून घ्यावा, म्हणजे दोन-तीन टाक्या एकत्र जोडल्या जातात, प्रत्येकीवरचा ताण कमी होतो आणि गॅस शेवटपर्यंत वापरला जातो. या सिलिंडरचे दर तेल कंपन्या बहुधा दर महिन्याच्या एक तारखेला बदलतात, त्यावर आपला ताबा नाही. डाळी आणि कडधान्यं रात्री भिजत घालणं, मोठ्या पातेल्यावर झाकण ठेवणं, ज्योत पिवळी दिसली की बर्नर साफ करणं यावर मात्र आहे.

माल मोजून घेतला, तरी तो सगळा ताटात जात नाही. वाटाण्याच्या शेंगा ६० रुपये किलो मिळाल्या, की स्वस्त वाटतात. सोलल्यावर किलोमागे निम्म्याहून थोडे कमीच दाणे हाती येतात, म्हणजे दाणे १३० रुपयांच्या आसपास पडले, शिवाय सोलणाऱ्या माणसाचा तास वेगळा. फ्रोझन मटाराची पिशवी ११० रुपये किलो असेल, तर त्या दिवशी तीच स्वस्त. जानेवारीत शेंगा २५ रुपयांवर आल्या की गणित फिरतं आणि पुन्हा शेंगा घ्याव्यात. मेथीच्या जुडीतून देठ-मुळं गेल्यावर पाला उरतो अर्धा. फ्लॉवरच्या गड्ड्यात पानं आणि दांडा मोठा असेल तर तेच. जिवंत कोंबडीच्या वजनातला साधारण एकतृतीयांश भाग साफ करताना जातो, त्यामुळे जिवंत कोंबडीच्या भावाची साफ केलेल्या चिकनच्या भावाशी थेट तुलना करणं चूक आहे. कडधान्याचं उलटं. एक किलो मटकी भिजून मोड आल्यावर दोन किलोंच्या वर भरते. उसळ आणि मिसळ यांच्यावर महाराष्ट्रातली इतकी हॉटेलं तगून आहेत त्यामागे हेही कारण आहे.

तांदळाचा हिशेब मला सगळ्यात रंजक वाटतो. जुना तांदूळ नव्यापेक्षा किलोमागे महाग असतो. तो पाणी जास्त पितो, शिजून जास्त फुलतो आणि भात मोकळा राहतो. नवा तांदूळ चिकट होतो, पातेल्याच्या बुडाला लागतो आणि तळचा भात वाया जातो. राइस प्लेट देणाऱ्या हॉटेलने दोन्ही तांदूळ एक-एक किलो शिजवून किती वाट्या भात निघतो ते मोजावं आणि वाटीचा भाव काढावा. पुष्कळदा महाग तांदूळ वाटीला स्वस्त पडतो. इंद्रायणीचा भात मुळातच चिकट असतो आणि त्याची चव हवी असणारी गिऱ्हाइकं आहेत; तिथे हा नियम लावू नये. कोलमला मात्र लागू पडतो.

हीच पद्धत प्रत्येक पदार्थाला लावली, की त्या पदार्थाचा कागद तयार होतो. एक प्लेट मिसळीत मोड आलेली मटकी किती ग्रॅम, फरसाण किती, कांदा किती, रश्श्याच्या पळ्या किती आणि पाव किती, हे त्यावर लिहायचं. हा कागद नसेल तर प्लेटची किंमत आचाऱ्याच्या मुठीवर ठरते, आणि मूठ सकाळी एक असते, गर्दीच्या वेळी दुसरी. पळी आणि वाटी ठरवून दिली की मूठ मधे येत नाही. आणखी एक माहिती कुठल्याच वहीत सापडत नाही. भांडी घासणाऱ्या मावशींना विचारा, ताटात काय परत येतं. लोणचं रोज परत येत असेल तर ते मागितल्यावर वाढावं. भाताची मूद अर्धी परत येत असेल तर मूद लहान करावी आणि दुसऱ्यांदा मागितला तर आनंदाने वाढावा. गिऱ्हाइकाचं पोट मारून केलेली बचत टिकत नाही. त्याने टाकलेलं कमी करणं वेगळं.

आता कांदा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही हॉटेलात सगळ्यात जास्त बोलणं कांद्यावर होतं आणि त्याची चाल समजून घेतली तर बरेच पैसे वाचतात. रब्बीचा उन्हाळी कांदा मार्च ते मे या काळात निघतो. तो टिकाऊ असतो. नाशिक, पुणे, अहिल्यानगर भागातले शेतकरी तो चाळीत साठवतात आणि देश ऑक्टोबरपर्यंत त्यावर चालतो. महिने सरतात तशी चाळीत घट होते, काही कांदा सडतो, काहीला कोंब येतात आणि भाव चढत जातो. खरिपाचा लाल कांदा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बाजारात येऊ लागतो, पण परतीच्या पावसाने तो भिजला तर आवक लांबते आणि भाव भडकतो. लाल कांद्यात पाणी जास्त असतं, तो टिकत नाही. म्हणून मे महिन्यात भाव पडले की तीन-चार आठवड्यांचा उन्हाळी कांदा जाळीच्या पिशव्यांत, हवेशीर जागी भरून ठेवणं शहाणपणाचं आहे. लाल कांदा मात्र तीन-चार दिवसांपेक्षा जास्त घेऊ नये. सहा महिन्यांचा साठा करण्याच्या फंदात लहान हॉटेलाने पडू नये. ते शेतकऱ्याचं कसब आहे, आणि त्याच्या हवेशीर चाळीतही पुष्कळ माल खराब होतो. आपल्या माळ्यावर त्याचं काय होईल याचा विचार करावा. आकारही पाहावा. गोलटी, म्हणजे लहान कांदा, स्वस्त मिळते, पण सोलायला वेळ दुप्पट आणि सालात वजन जास्त. चकत्या ताटात द्यायच्या असतील तर मोठा कांदा घ्यावा, वाटणाला मध्यम चालतो.

राज्यातल्या बाजार समित्यांचे रोजचे दर पणन मंडळाच्या संकेतस्थळावर दिसतात. ते क्विंटलचे असतात, शंभराने भागले की किलोचा भाव मिळतो. लासलगाव, वाशी किंवा गुलटेकडीत आज काय भाव निघाला हे सकाळी पाहून मग भाजीवाल्याशी बोललं, तर बोलण्याची रीतच बदलते. त्याला हमाली, गाडीभाडं, घट आणि स्वतःचं पोट आहे. फळं-भाजीपाल्यावरची अडतही २०१६पासून शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेतली जाते. त्यामुळे बाजार समितीच्या भावावर काही टक्के चढणारच. ते किती, हे दोघांनी मोकळेपणाने ठरवावं. 'आजच्या बाजारभावावर किलोला इतके रुपये' असा ठराव झाला की रोजची घासाघीस संपते आणि भाव पडल्याचा फायदा हॉटेलपर्यंत पोचतो.

भाव फारच चढला तर पदार्थ बदलावा. जुलै २०२३मध्ये टोमॅटो शंभरी ओलांडून पुढे गेला, तेव्हा मॅकडोनाल्ड्सनेसुद्धा उत्तर आणि पूर्व भारतातल्या बऱ्याच दुकानांत बर्गरमधून टोमॅटो काढला होता. आपल्याकडे तर आंबटपणासाठी चिंच आहे, आमसूल आहे, ताक आहे. आमटीत टोमॅटो आला तो अलीकडे. त्याच्याशिवाय ती उत्तम होते. फळ्यावर खडूने लिहिलेला रोजचा बेत हे लहान हॉटेलाचं फार मोठं बळ आहे. छापील मेनूकार्डावर साठ पदार्थ असले की साठ पदार्थांचा माल फ्रिजमध्ये ठेवावा लागतो आणि त्यातला बराच सडतो. वीस पदार्थ असावेत, आणि एक भाजी रोज बाजार पाहून ठरावी.

मिरचीचा हंगाम वेगळा. ब्याडगी आणि गुंटूरची आवक साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जोरात असते. घरोघरी वर्षाचं तिखट-मसाला उन्हाळ्यात का करतात ते यावरून कळतं. हॉटेलनेही अख्खी मिरची त्या दिवसांत घ्यावी, वाळवून कोरड्या जागी ठेवावी आणि लागेल तसं तिखट कुटून आणावं. पुडीचा वास लवकर उडतो, रंगही उतरतो, शिवाय तयार पुडीत भेसळ कळत नाही.

इतकं सगळं केलं तरी एक खर्च बिलावर कुठेच दिसत नाही, तो म्हणजे उधारी. वाणी महिन्याच्या उधारीवर माल देतो तेव्हा त्याचं व्याज भावात असतं. रोख दिले तर दोन टक्के सोडतो, असं तो सांगतो, तेव्हा दोन टक्के किरकोळ वाटतात. ९८ रुपये महिनाभर वापरण्यासाठी आपण दोन रुपये मोजतो; वर्षाला ते २४ टक्क्यांच्या वर जातं. शिवाय खातं थकलेलं असलं की खराब माल परत करायला तोंड उघडत नाही आणि दुसऱ्या दुकानात भाव विचारायला पाय उचलत नाही. माझ्या मते उधारीचं हे दुसरं नुकसान पहिल्यापेक्षा मोठं आहे.

मुंबईच्या गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांनी हे सोसलं होतं. गावाकडून एकट्याने आलेल्या गिरणी कामगारांना त्या दोन वेळचं जेवण घालत, कामगार पगाराला पैसे देत, आणि महिनाभराचा किराणा या बायका उधारीवर उचलत. वाण्याचं आणि सावकाराचं व्याज भागवताना राबण्याचं मोल हाती उरत नसे. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांचे गट करून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांचं कर्ज मिळवून दिलं. तारण ठेवायला काही नव्हतं. एकमेकींची हमी होती. रोख पैसा हातात आल्यावर त्या दुकान निवडू शकल्या. त्यांच्या भाकरीचं पीठ तेच राहिलं, पण ते आणण्याचा खर्च उतरला. आज तारणाविना पन्नास हजारांपर्यंतचं कर्ज मुद्रा योजनेतल्या शिशु गटात मिळतं. वाण्याचं खातं एकदा त्यातून मिटवून रोखीवर आलेला हॉटेलवाला वर्षभरात फरक पाहील.

कराचं थोडक्यात. नोव्हेंबर २०१७पासून बहुतेक उपाहारगृहांना जेवणावर ५ टक्के जीएसटी आहे आणि खरेदीवर भरलेला कर वजा करून मिळत नाही. म्हणजे व्यावसायिक गॅसवरचा १८ टक्के कर हा आपला निव्वळ खर्च आहे. दोन पुरवठादारांचे भाव ताडून पाहताना एक करासह सांगतो आणि दुसरा कराशिवाय, यात गफलत होते. शेवटचा आकडाच विचारावा. २२ सप्टेंबर २०२५पासून लोणी, तूप आणि चीजवरचा कर १२वरून ५ टक्क्यांवर आला आणि पाकीटबंद पनीरवरचा गेला. आपल्या पुरवठादाराने जुनाच भाव चालू ठेवला आहे का, ते जुनं बिल शेजारी ठेवून पाहावं.

बचत कुठे करू नये, हेही तितकंच महत्त्वाचं आहे. वनस्पती तेलापासून केलेला पनीरसारखा पदार्थ खऱ्या पनीरपेक्षा स्वस्त मिळतो. कायद्याने तो पनीर म्हणून विकता येत नाही, आणि पनीरचे पैसे घेऊन तो वाढणं ही सरळ फसवणूक आहे. परवडत नसेल तर पनीरची भाजी फळ्यावरून काढावी, मटकीची उसळ लिहावी. घरगुती वापराचा १४.२ किलोचा सिलिंडर हॉटेलात लावणं गुन्हा आहे. तळणाच्या तेलात बिघडलेले घटक, ज्यांना टोटल पोलर कंपाउंड्स म्हणतात, ते २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८पासून आहे. तेल जास्त दिवस चालवायचं तर ते बिघडू न देणं हाच मार्ग आहे: जळका चुरा सतत काढावा, गिऱ्हाईक नसताना आच उतरवावी, ओला माल कढईत सोडू नये, रात्री तेल गाळून झाकून ठेवावं. काळं झालेलं तेल बायोडिझेलसाठी गोळा करणाऱ्या अधिकृत संस्था पैसे देऊन नेतात. ते हातगाडीवाल्याला विकू नये. ते पुन्हा कुणाच्या तरी पोटातच जातं.

शेवटी एक विनंती. एका रस्त्यावर पाच-सहा छोटी हॉटेलं असतात, सगळ्यांना तोच कांदा, तोच बटाटा, तेच तेल लागतं आणि सगळे वेगवेगळा किरकोळ भाव देतात. गिऱ्हाइकासाठी स्पर्धा असेल, पण वाशीच्या कांदा-बटाटा बाजारातून किंवा मार्केट यार्डातून एक टेम्पो भरून आणायला स्पर्धा आड येत नाही. भाडं वाटलं जातं, घाऊक भाव मिळतो, पुढे शेतकरी उत्पादक कंपनीशी थेट बोलण्याइतकी खरेदी होते. शेजारच्या हॉटेलवाल्याशी या आठवड्यात बोला आणि पुढच्या कांद्याच्या गोण्या एकाच टेम्पोतून आणून पाहा.